यातनेनें मिळालेली कबुली

१६३० सालचा जून महिना. इटलींतील मिलान शहरांत प्लेगनें थैमान घातलें होतें. २१ तारखेच्या पहांटे पाऊस पडत असतां कातेरीना रोझा नांवाची एक बाई आपल्या खिडकींत उभी होती. तिला रस्त्यानें एक मनुष्य जातांना दिसला. अंगावर काळा झगा, टोपी डोळ्यांवर ओढलेली, हातांत एक कागद. तो भिंतीच्या कडेकडेनें चालला होता आणि मधून मधून भिंतीला हात पुशीत होता. पावसांत मनुष्यानें भिंतीचा आडोसा धरून चालावें यांत नवल तें काय? परंतु त्या दिवसांत शहरभर अशी वदंता पसरली होती कीं, कोणी दुष्ट लोक घरांच्या भिंतींना विषारी मलम फांसून प्लेग पसरवीत आहेत. भ्यालेल्या डोळ्यांना भीतीला साजेल तेंच दिसतें. बाईनें पाहिलेलें शेजारणीला सांगितलें, तेथून तें गल्लींत पसरलें, आणि दुसऱ्या दिवशीं त्या मनुष्याला कैद झाली.

त्याचें नांव गुलिएल्मो पियात्सा. तो आरोग्यखात्याच्याच नोकरींतला होता. हातांतील कागद त्याच्या कामाचा, आणि भिंतीला पुसली ती बहुधा बोटांना लागलेली शाई. भिंतींना मलम फांसल्याचें ठाऊक आहे काय, असें न्यायाधीशांनीं त्याला विचारलें. त्यानें नाहीं म्हणून सांगितलें. सबंध शहर ज्याची चर्चा करतें तें या एकट्यालाच ठाऊक नसावें हें असंभवनीय. अर्थात् हा खोटें बोलतो. आणि खोटें बोलतो म्हणून याला यातना दिल्या पाहिजेत, असा निर्णय झाला. दोरीचा प्रयोग त्यानें पुनः पुनः सोसला व नाकबूल केलें. मग त्याला सांगण्यांत आलें कीं, सर्व खरें सांगितल्यास माफी मिळेल. तेव्हां पियात्सानें एक नांव उच्चारलें. तें नांव होतें जान जाकोमो मोरा या न्हाव्याचें. प्लेगवर उपाय म्हणून मोरा एक मलम तयार करीत असे, आणि तें पियात्साला देण्याचें त्यानें कबूल केलें होतें. रोगावरचें औषध तें रोगाचें विष ठरलें.

मोराच्या घराची झडती झाली. कपडे धुण्याच्या क्षाराच्या पाण्याचें एक भांडें सांपडलें. परीटणींचा अभिप्राय घेण्यांत आला आणि तें पाणी संशयास्पद मानलें गेलें. मोरालाहि दोरीला लावण्यांत आलें. आपण काय बोलावें अशी तुमची इच्छा आहे तें सांगा, म्हणजे तसें बोलतों, अशा अर्थाचे त्याचे शब्द त्या खटल्याच्या दप्तरांत नोंदलेले आहेत. अखेर तो बोलला. प्लेगनें मेलेल्यांच्या तोंडचा फेंस व घाण क्षाराच्या पाण्यांत मिसळून आपण मलम केलें, असें त्यानें सांगितलें. पुढें त्यानें ही कबुली नाकारली. पुन्हां यातनांची धमकी मिळतांच ती कायम केली. पियात्सानें सर्व सत्य सांगितलें नाहीं, या सबबीवर त्याची माफीहि रद्द झाली. ऑगस्टच्या आरंभीं दोघांना हालहाल करून ठार मारण्यांत आलें. मोराचें घर जमीनदोस्त करून तेथें एक स्तंभ उभारला गेला. त्या जागीं कोणीं पुन्हां घर बांधूं नये, अशी आज्ञा देणारा शिलालेखहि तेथें बसविण्यांत आला. लोक त्याला अपकीर्तीचा स्तंभ म्हणत.

मनुष्याला यातना देऊन त्याच्याकडून कबुली घेऊं नये, ही गोष्ट आज कोणत्याहि सुशिक्षित घरांत उघडपणें नाकारली जात नाहीं. परंतु ती कां घेऊं नये, असें विचारलें म्हणजे उत्तरें निरनिराळीं येतात, आणि तीं सारींच सारख्या बळाचीं नसतात. कांहीं ऐकतांच पटतात, पण प्रसंग आला म्हणजे टिकत नाहींत. कांहीं टिकतात, पण सहजासहजीं पटत नाहींत. मिलानच्या त्या स्तंभाभोंवतीं पुढें जो विचार झाला त्यांत हीं बहुतेक उत्तरें एकत्र पाहावयास सांपडतात.

त्या खटल्यानंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं त्याच शहरांत कांहीं तरुण मित्र एकत्र जमत. त्यांच्यांत पिएत्रो वेर्री व चेझारे बेकारिया हे दोघे होते. बेकारियानें १७६४ सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, गुन्हे व शिक्षा या विषयावरचें आपलें छोटेंसें पुस्तक नांव न घालतां प्रसिद्ध केलें आणि तें युरोपभर गाजलें. यातनांविषयीं त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. यातना मनुष्याच्या खरेपणाची परीक्षा घेत नाहींत, त्याच्या स्नायूंची घेतात. दणकट गुन्हेगार सोसून सुटतो. दुबळा निरपराधी कबूल करून मरतो. मग न्यायाधीशाची गरजच काय? अमक्या मनुष्याचे स्नायू किती बळकट आणि कातडी किती हळवी एवढें कळलें, कीं किती वेदना दिल्यास तो कबूल होईल याचें गणित कोणीहि गणिती मांडून देईल.

हा पहिला युक्तिवाद: यातनेनें सत्य हातीं लागत नाहीं. तो बेकारियानें प्रथम शोधून काढला असें मुळींच नाहीं. तिसऱ्या शतकांतील उल्पियन हा रोमन कायदेपंडित हेंच सांगून गेला होता. यातना हें साधन नाजूक व धोक्याचें आहे, कित्येक वेदनेला भीक घालीत नाहींत, तर कित्येक ती चुकविण्यासाठीं वाटेल तें खोटें बोलतात, हें त्याच्या ग्रंथांतून पुढें रोमन कायद्याच्या संहितेंत उतरलें. म्हणजे ज्या संहितेच्या आधारें युरोपांतील न्यायाधीश यातना देत, त्याच संहितेंत त्या भरंवशाच्या नसल्याचें लिहिलेलें होतें. तें वाचूनहि शतकानुशतकें यातना चालूच राहिल्या.

असें कां व्हावें? येथें त्या काळच्या पुराव्याच्या कायद्याकडे पाहावें लागतें. देहान्ताची शिक्षा द्यावयाची तर दोन प्रत्यक्ष साक्षीदार हवेत किंवा आरोपीची कबुली हवी, असा युरोपांतील बऱ्याच देशांचा दंडक होता. खून करणारा दोन साक्षीदार बरोबर घेऊन जात नाहीं. तेव्हां उरली कबुली, आणि ती आपण होऊन कोण देतो? ज्या वस्तूवांचून न्यायाचा गाडा हालत नव्हता ती मिळविण्याचें यंत्र सदोष आहे एवढ्यानें कोणी तें टाकून देईना. जॉन लँगबाइन या अमेरिकन इतिहासकारानें १९७७ सालीं असें प्रतिपादिलें कीं, यातना मोडल्या त्या मुख्यतः बेकारियाच्या पुस्तकानें मोडल्या नाहींत. इतर पुराव्यावरून कमी शिक्षा देण्याची मोकळीक न्यायाधीशांना मिळत गेली, कबुलीची निकड ओसरली, आणि मग तो युक्तिवाद लोकांना पटूं लागला. हें मत सर्वांना मान्य नाहीं. पण त्यांत एक इशारा आहे, आणि तो पुढें उपयोगी पडेल.

राज्यकर्त्यांच्या मनावर मात्र या पहिल्या युक्तिवादाचा परिणाम झाला, हें नाकारतां येत नाहीं. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकनें १७४० सालीं गादीवर येतांच कांहीं अपवाद ठेवून यातना बंद केल्या व १७५४ सालीं ते अपवादहि काढून टाकले. व्हिएन्नांत सोनेनफेल्स या प्राध्यापकाच्या खटपटीनें १७७६ सालीं मारिया थेरेसा राणीनें ऑस्ट्रियांत त्या रद्द केल्या. मिलान त्या वेळीं तिच्याच अंमलाखालीं होतें. तेथील सिनेटचा अभिप्राय विचारला गेला तेव्हां सिनेटनें उत्तर दिलें कीं, यातना ठेवाव्यात. त्या उत्तराचा मसुदा गाब्रिएले वेर्री या वृद्ध सभासदानें केला होता. पिएत्रो वेर्री हा त्याचाच मुलगा. बाप यातनांचें समर्थन लिहीत होता, त्याच सुमारास मुलगा पियात्सा आणि मोरा यांच्या खटल्याचे जुने कागद वाचून यातनांविरुद्ध ग्रंथ लिहीत होता. तो ग्रंथ त्यानें छापला नाहीं. ज्या सिनेटनें मोराला मारलें तिचा अवमान होईल आणि त्या सिनेटमध्यें बसलेल्या बापाचें मन दुखावेल, असें त्याच्या मनांत असावें. १७९७ सालीं तो वारला. ग्रंथ बाहेर पडला तो १८०४ सालीं. सर्वांत पटणारा युक्तिवादहि कधीं कधीं घरच्या उंबरठ्याशीं अडतो, तो असा.

आतां या युक्तिवादाची दुसरी बाजू पाहूं. त्याच्या बाजूचीं उदाहरणें अलीकडेहि घडलीं आहेत. इब्न अल्-शेख अल्-लिबी या कैद्याकडून इजिप्तमध्यें असें वदवून घेण्यांत आलें कीं, इराकचें सरकार अल्-कायदाच्या लोकांना विषारी शस्त्रांचें शिक्षण देतें. हें विधान २००३ सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या संयुक्त राष्ट्रांपुढील भाषणांत पुरावा म्हणून आलें. पुढील महिन्यांत युद्ध सुरू झालें. २००४ सालीं त्या कैद्यानें तें विधान मागें घेतलें. छळ थांबावा म्हणून आपण तें केलें, असें त्यानें सांगितलें. मोराची कबुली दोन माणसांच्या जिवावर आली होती. हिचें मोल कितींनीं दिलें याची मोजदाद करणेंहि कठीण.

परंतु प्रत्येक वेळीं असेंच घडेल काय? २००२ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरांत एका अकरा वर्षांच्या मुलाला पळविण्यांत आलें. खंडणी घेणारा तरुण पकडला गेला. मूल कोठें आहे हें तो सांगेना. मूल कोठें तरी उपाशी, तहानलेलें, जिवंत असेल या आशेनें पोलिसांच्या उपप्रमुखानें आज्ञा केली कीं, त्याला असह्य वेदनांची धमकी द्यावी. धमकी पुरली. त्यानें जागा सांगितली आणि ती खरी निघाली. मुलाचा मात्र तेथें मृतदेहच सांपडला. त्याचा जीव आधींच घेतला गेला होता. येथें "यातनेनें सत्य कळत नाहीं" हें म्हणणें लटकें पडतें. सत्य कळलें. ज्याचा सारा विरोध एवढ्याच एका पायावर उभा असेल त्यानें अशा दिवशीं काय म्हणावें? उपयोग नाहीं म्हणून जें निषिद्ध, तें उपयोग होतांच विहित होतें. पहिला युक्तिवाद लौकर पटतो याचें कारण तो कोणाकडूनहि फारसें मागत नाहीं. आणि त्याच कारणानें तो लौकर सोडूनहि जातो.

दुसरा युक्तिवाद निरपराध्याचा. अपराध शाबीत होईपर्यंत मनुष्य निर्दोष मानावयाचा. मग शिक्षेहूनहि भयंकर असे हाल शाबितीच्या आधीं कसे करतां? बेकारियानें हाहि मुद्दा मांडला आहे आणि घराघरांतील माणसांना तो सर्वांत जवळचा वाटतो, कारण पियात्साच्या जागीं प्रत्येकाला स्वतःला कल्पितां येतें. पावसांत भिंतीच्या कडेनें कोण चालत नाहीं? पण फ्रँकफुर्टला हा युक्तिवादहि अपुरा पडतो. तो तरुण निरपराधी नव्हता. निरपराध्याची कणव हें अपराध्याला मारण्याविरुद्धचें कारण होत नाहीं. उलट ती हळूच असें सुचविते कीं, खात्री असली म्हणजे हरकत नाहीं. आणि खात्री तर मिलानच्या न्यायाधीशांनाहि होतीच.

तिसरा युक्तिवाद आलेस्सांद्रो मांझोनी या कादंबरीकाराचा. तो बेकारियाच्या मुलीचा मुलगा. आजोबांच्या मित्रानें ज्या खटल्यावर ग्रंथ लिहिला त्याच खटल्याचा इतिहास त्यानें पुन्हां लिहिला. १८४२ सालीं पुऱ्या झालेल्या आपल्या प्रसिद्ध कादंबरीच्या आवृत्तीला तो जोडला. वेर्रीचा मुद्दा असा होता कीं, अज्ञान आणि यातनांची दुष्ट प्रथा यांनीं ते दोन जीव घेतले. मांझोनीनें त्याला नम्रपणें पण ठामपणें हरकत घेतली. तो विचारतो, न्यायाधीशांचें काय? ज्या काळच्या कायद्यानें यातनांना परवानगी दिली होती, त्याच कायद्याच्या पंडितांनीं त्यांवर कितीतरी बंधनें घातलीं होतीं. तीं या न्यायाधीशांनीं एकामागून एक मोडलीं. माफीच्या लालचीनें काढलेल्या नांवावरून दुसऱ्याला यातना देणें त्या काळींहि गैर होतें. त्याच जबान्यांत गोंवला गेलेला पादिया नांवाचा सरदार किल्लेदाराचा मुलगा होता. त्याला बचावाची पुरी संधि मिळाली आणि तो निर्दोष सुटला. म्हणजे दिसण्याचें सामर्थ्य डोळ्यांत होतें. लोकांच्या क्षोभाची धास्ती होती, रिकाम्या हातानें परत जाण्याची लाज होती, म्हणून त्यांनीं डोळे मिटून घेतले.

या युक्तिवादाचा रोख बळी पडणाऱ्यावरून उठून हात उगारणाऱ्याकडे वळतो. यातना देणाऱ्याला उत्तर आधींच ठाऊक असतें. तें दुसऱ्याच्या तोंडून ऐकेपर्यंत तो थांबत नाहीं. म्हणून जो अधिकारी या मार्गाला लागतो त्याची खरें शोधण्याची शक्तीच लोपते. हें फार खोल आहे. पण ज्याला तें पटावयाचें तोच त्या वेळीं ऐकण्याच्या स्थितींत नसतो, हें त्याचें दुबळेपण.

राहिला चौथा: यातना ही गोष्टच निषिद्ध आहे, उपयोग असो वा नसो, मनुष्य अपराधी असो वा नसो. शिक्षा झालेल्या कैद्याचें स्वातंत्र्य जातें, पण त्याचें मन त्याचें असतें. तो गप्प राहूं शकतो. यातना त्याच्या देहाला त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभें करतात. त्याची इच्छा मोडून तिच्या जागीं दुसऱ्याची इच्छा बसवितात. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचें पांचवें कलम आणि १९८४ चा संयुक्त राष्ट्रांचा यातनाविरोधी करार हे याच पायावर उभे आहेत. युद्ध असो, बंड असो, कोणतीहि आणीबाणी असो, सबब चालणार नाहीं, असें तो करार सांगतो. फ्रँकफुर्टच्या न्यायालयानेंहि याच भूमिकेवरून पोलिसांच्या त्या उपप्रमुखाला २००४ सालीं दोषी ठरविलें. हेतु पाहून शिक्षा अगदीं नांवाची दिली. पण दोषी ठरविलें. २०१० सालीं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानें ती शिक्षा फारच हलकी असल्याचें मत दिलें. मुलाच्या खुनाबद्दल त्या तरुणाला जन्मठेप झाली ती त्यानें न्यायालयांत पुन्हां दिलेल्या कबुलीवरून व इतर पुराव्यावरून. चारांत हाच एक युक्तिवाद त्या कठीण दिवशीं उभा राहिला. पण पटण्याच्या बाबतींत तोच सर्वांत मागें. ज्याच्या घरचें मूल हरवलें आहे त्याच्यापुढें तो उच्चारण्याचें धैर्य कोणाला होईल?

तेव्हां जो पटतो तो टिकत नाहीं आणि टिकतो तो पटत नाहीं. या पेचांतून वाट काय? ती हिंदुस्थानच्या कायद्याच्या इतिहासांत अंशतः सांपडते. १८५५ सालीं मद्रास इलाख्यांतील चौकशीमंडळाच्या अहवालानें उघड केलें कीं, सारावसुलीसाठीं आणि गुन्ह्यांच्या तपासासाठीं रयतेचा छळ सर्रास होत असे. मान पायांशीं बांधून ओणवें ठेवणें, चापांत बोटें दाबणें हे त्यांतले प्रकार. असें कां होतें याचें मार्मिक उत्तर एका अनुभवी मुलकी अधिकाऱ्यानें दिलें तें फिट्झजेम्स स्टीफन यांनीं १८८३ च्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. त्याचा आशय असा कीं, पुराव्यासाठीं उन्हातान्हांत वणवण करण्यापेक्षां सावलींत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणें केव्हांहि सुखाचें. या एका वाक्यानें सारा प्रश्न तत्त्वज्ञानांतून चौकीवर येतो. छळ करणारा नेहमीं क्रूरच असतो असें नाहीं. तो बहुधा आळसावलेला असतो, वरून तगादा असतो, आणि काम लौकर उरकावयाचें असतें.

अशा माणसाला युक्तिवाद सांगून काय होणार? कायद्यानें त्याला युक्तिवाद सांगितलाच नाहीं. १८६१ च्या फौजदारी कायद्यानें आणि मग स्टीफन यांनींच रचलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें एवढेंच ठरविलें कीं, पोलिस अधिकाऱ्यापुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करतां येणार नाहीं. तिखट चोळून मिळविलेला माल बाजारांत खपणारच नाहीं, मग तो मिळवावा कशाला? १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या तेविसाव्या कलमांतहि हा नियम कायम आहे.

पण मालाचा एक दरवाजा उघडा राहिला. पोलिसांच्या कैदेंतील माणसाच्या सांगण्यावरून एखादी वस्तु सांपडली तर त्या वस्तूपुरतें त्याचें सांगणें पुराव्यांत येतें. हा जुन्या कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमांतील अपवाद नव्या कायद्यांतहि आला आहे. तो टाडा कायदा आणि महाराष्ट्राचा १९९९ चा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा यांनीं अधिक रुंद केला. त्यांत वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यापुढील कबुलीहि ग्राह्य ठरविली. १९९६ सालीं डी. के. बसू यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें अटकेच्या वेळीं पाळावयाचे नियम घालून दिले. १९९७ सालीं भारतानें यातनाविरोधी करारावर सही केली. त्याला धरून केलेलें विधेयक २०१० सालीं लोकसभेंत मंजूर झालें, राज्यसभेच्या समितीकडे गेलें, आणि कायदा न होतांच संपलें. यांत कोणाचा युक्तिवाद हरला असें झालें नाहीं. जेथें जेथें कबुलीला किंमत राहिली तेथें तेथें हात उगारण्याला कारण राहिलें, एवढेंच.

यातनांविरुद्धच्या युक्तिवादांची तुलना करतां अखेर हातीं येतें तें हें. सत्य कळत नाहीं, हा युक्तिवाद राज्यकर्त्याला सांगावा. तो त्याला कळतो. निरपराध्याची गोष्ट घरांतल्या माणसांना सांगावी. ती त्यांच्या काळजाला भिडते. मांझोनीचा प्रश्न न्यायाधीशानें आणि अधिकाऱ्यानें शांत वेळीं स्वतःला विचारून ठेवावा. चौथ्याला मात्र, मनुष्याला मोडूं नये या अखेरच्या तत्त्वाला, लोकांच्या पटण्यावर सोडूं नये. संकटाच्या दिवशीं तें पटणार नाहीं हें ओळखून, संकट नसलेल्या दिवशींच त्याचा कायदा करून ठेवावा, आणि त्या कायद्याला फट ठेवूं नये.

मिलानचा तो स्तंभ १७७८ सालीं काढून टाकण्यांत आला. त्याचा शिलालेख आजहि तेथील स्फोर्झा किल्ल्यांत जपून ठेवलेला आहे. मोराची अपकीर्ति कायम राहावी म्हणून तो कोरला होता. त्यांतलें एक अक्षरहि बदललेलें नाहीं; पण आतां तो वाचणाऱ्याला मोरा दोषी वाटत नाहीं.